अंगात ताल असतोच: सोलापूरच्या लेझमीतलं शास्त्र

बुडापेस्टच्या संशोधकांनी केलेला आणि 2009 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचला की थक्क व्हायला होतं. दोन-तीन दिवसांची तान्ही बाळं. ती गाढ झोपलेली. डोक्याला मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारी यंत्रणा लावलेली आणि कानावर ड्रमचा साधा ठेका चाललेला. मधूनच त्या ठेक्यातला पहिला, वजनाचा ठोका गाळला जायचा. जिथं तो पडायला हवा होता आणि पडला नाही, नेमक्या त्याच जागी झोपलेल्या बाळांच्या मेंदूत हालचाल उमटायची. मान धरता येत नाही, नजर ठरत नाही, आणि तरीही सम चुकल्याचं त्या बाळाला कळत होतं.

हेच बाळ पुढं चौदा-पंधरा वर्षांचं होतं. गणपती जवळ येतात, सोलापुरात गल्लोगल्ली रात्रीच्या जेवणानंतर लेझमीचा सराव सुरू होतो आणि हा मुलगा कट्ट्यावर बसून नुसता बघत राहतो. "चल की बे, उभा रहा," म्हणून कुणी हाक मारली, तर म्हणतो, "मला नाही जमत. माझ्या अंगातच नाही ते." दोन दिवसांचा असताना जे अंगात होतं, ते पंधराव्या वर्षी कुठं गेलं?

ते कुठंच गेलेलं नसतं. मधल्या काळात मेंदूत दुसरंच काहीतरी जागं झालेलं असतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

डोळे कुणाचे?

वयात येताना मेंदूला एक विलक्षण शक्ती लाभते: दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहण्याची. पाच वर्षांचं पोर लग्नाच्या वरातीत बेभान नाचतं, कारण आपण कसे दिसतोय हा प्रश्नच त्याला पडत नाही. पंधराव्या वर्षी तो प्रश्न पडतो आणि मग सुटता सुटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये या अवस्थेला 'काल्पनिक प्रेक्षक' असं नाव दिलं. किशोरवयीन मुलाच्या मनात सतत एक प्रेक्षागृह भरलेलं असतं आणि त्यातली प्रत्येक नजर आपल्यावरच आहे, असं त्याला वाटत राहतं.

2013 मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं हे मेंदूतच पाहिलं. शाळकरी मुलांपासून विशीतल्या तरुणांपर्यंत अनेकांना एकेक करून एमआरआय यंत्रात झोपवलं आणि सांगितलं, "आता कॅमेरा सुरू झाला, तुमच्या वयाचं कुणीतरी तुम्हाला बघतंय." प्रत्यक्षात बघणारं कुणीच नव्हतं. तरीही संकोच वाढला, तळहाताला घाम आला आणि स्वतःविषयी विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पेटून उठला. हे सगळं सर्वांत ठळक दिसलं ते किशोरवयात. तेव्हा कट्ट्यावरच्या त्या मुलाची छाती धडधडते ती भित्रेपणामुळे नव्हे. त्या वयाचा मेंदू नव्यानं मिळालेलं काम जरा जास्तच मन लावून करत असतो.

लोक खरंच इतकं बघतात का? कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली याचाही छडा लावला. एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं आणि नंतर विचारायचं, कितीजणांच्या लक्षात आलं असेल? टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज असायचा निम्म्यांच्या आसपास. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी तो टिपलेला असायचा. उरलेले आपापल्याच विचारात गढलेले. लेझमीच्या रांगेतही नेमकं हेच होतं. शेजारी उभा असलेला मुलगा तुमच्या पायांकडे बघतच नसतो. त्याला स्वतःच्या पायांची काळजी असते.

त्यात शरीरही याच वयात दगा देतं. भर वाढीच्या वर्षात मुलगा आठ-दहा सेंटिमीटर उंच होतो. हातपाय आधी लांबतात, धड मागून येतं. हात कुठं संपतो, पाय किती दूर पडतो याचा मेंदूतला नकाशा मात्र गेल्या वर्षीचाच असतो. मग ग्लास कलंडतो, उंबरठ्याला ठेच लागते आणि घरातलं कुणीतरी 'धांदरट' म्हणून मोकळं होतं. नकाशा नव्यानं आखायचा तर शरीर हलवायला हवं. नाचायला सर्वांत अवघड वाटणारं हे वय, नाचाची सर्वांत जास्त गरज असलेलंही वय आहे.

ठोक्याच्या आधी पोचणारा मेंदू

आता 'ताल अंगातच नाही' या तक्रारीकडे वळू. एखादा आवाज ऐकून हालचाल करायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा लागतो. ठोका ऐकून मग आपण पाऊल टाकत असतो, तर प्रत्येक पाऊल उशिरा पडलं असतं. पण तालावर चुटकी वाजवणाऱ्या माणसाची चुटकी मोजली, तर ती ठोक्याच्या किंचित आधीच वाजते असं दिसतं! म्हणजे मेंदू ठोक्याची वाट पाहत नाही. पुढचा ठोका कधी येणार हे तो ओळखतो आणि पाऊल आधीच निघतं. हलगी ऐकताना तुमचा पाय नकळत हलतो, तेव्हा मेंदूनं भविष्य वर्तवलेलं असतं आणि ते खरंही ठरलेलं असतं.

ताल खरोखरच न पकडता येणारी माणसं असतात का? असतात, पण ती इतकी विरळा की माँट्रियलच्या संशोधकांनी 2011 मध्ये असा एक तरुण सापडल्यावर त्याच्यावर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. कट्ट्यावरचा मुलगा त्या विरळांपैकी असण्याची शक्यता नगण्य आहे. कट्ट्यावर बसून त्याची टाच ठेका धरतेय का, तेवढं पाहावं. बहुतेक वेळा धरलेला असतो.

हातांना काम, कानांना काम

पुण्याच्या मिरवणुकीचं नाव काढलं की ढोल-ताशे आठवतात, तशी सोलापूरकरांना लेझीम. सार्वजनिक गणेशोत्सवाची 1885 पासूनची परंपरा सांगणारा आजोबा गणपती याच शहरातला. इथं गणपतीच्या मिरवणुकीत मंडळांपुढं लेझमीच्या रांगा चालतात, शिवजयंतीलाही लेझीम निघते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या या एकेकाळच्या गिरणगावात रांगेतल्या सगळ्यांना एकच भाषा पुरते: चार मोजांची.

लेझीम हातात घेऊन बघा. लाकडी दांडी, तिच्या दोन्ही टोकांना जोडलेली साखळी, साखळीत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या आणि मधोमध धरायला मूठ. एका हातात दांडी, दुसऱ्यात मूठ. हात फाकले की छण्ण, जवळ आणले की छण्ण. शाळेच्या मैदानावर पहिला धडा असतो 'चार आवाज' या नावाचा: चार मोजांत वाकायचं, उठायचं, आणि साखळी चारदा वाजवायची. मग पवित्रा, दो रुख, आगे फलांग अशा चाली एकेक करून चढत जातात. लेझीम आखाड्यातून आलेली आहे. ती मुळात व्यायामाची वस्तू. म्हणूनच 'नाचणं आपलं काम नाही' म्हणणारा पोरगाही लेझीम 'खेळायला' तयार होतो.

बुजऱ्या मुलाला नाचताना पहिला प्रश्न पडतो, हातांचं काय करू? लेझीम तो प्रश्नच मिटवते. दोन्ही हात गुंतलेले असतात. दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. गॅब्रिएले वुल्फ या संशोधिकेनं 1998 मध्ये सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्कीइंगसारखी हालचाल शिकवणाऱ्या यंत्रावर काहींना सांगितलं, स्वतःच्या पायांकडे लक्ष द्या. इतरांना सांगितलं, पायांखालच्या फळीच्या चाकांवर कसा जोर पडतोय तिकडं लक्ष द्या. फळीकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. पुढं अनेक खेळांत, अनेक कौशल्यांत हेच आढळत गेलं. आपल्या अवयवांवर पहारा ठेवला की हालचाल अडखळते, आणि हालचालीतून बाहेर काय घडतंय तिकडं लक्ष दिलं की ती मोकळी होते.

न्यूनगंडानं ग्रासलेलं मूल नेमकं काय करत असतं? आपल्या हातापायांवर पहारा. लेझीम त्याचं लक्ष उचलते आणि साखळीच्या आवाजावर नेऊन ठेवते. पाय बरोबर पडला का, हे त्याला खाली बघून ठरवावं लागत नाही. आपला छण्ण रांगेच्या छण्णमध्ये मिसळला की नाही, ते कान सांगतो. चुकला तर ते त्याला लगेच कळतं, पण पन्नास साखळ्यांच्या गजरात दुसऱ्या कुणाला फारसं कळत नाही. चूक शिकणाऱ्याला ऐकू यावी आणि बघणाऱ्यापासून झाकली जावी, अशी सोय कुठल्या शिक्षणतज्ज्ञानं ठरवून केली असती, तर तिचं केवढं कौतुक झालं असतं!

रांगेची ताकद

2015 साली ब्राझीलमधल्या अडीचशेहून अधिक शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास आहे. मुलांच्या लहान गटांना नाचायला लावलं. काही गट एका तालात एकसारखे हलले, काही वेगवेगळे. आधी आणि नंतर दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा आवळून वेदना कुठवर सोसते ते पाहिलं. एकसारखं नाचलेल्यांची सोशिकता वाढली होती आणि सोबतच्या मुलांविषयीची जवळीकही. जोरकस हालचालीनंही हाच परिणाम स्वतंत्रपणे साधला. आता लेझमीची रांग आठवा: एकाच वेळी पन्नासजण वाकतात, उठतात, वळतात, आणि तेही दमछाक होईपर्यंत. दोन्ही गोष्टी एकत्र. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या गजरात पावली खेळणारे वारकरी दिवसभर चालूनही थकल्यासारखे का दिसत नाहीत, त्याचा एक धागा इथं सापडतो.

आणखी एक दिलासा. नवी हालचाल पहिल्या रात्री येत नाही म्हणून निराश होऊन घरी गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी थोडा सुधारूनच येतो. बोटांच्या हालचालींचा क्रम शिकवणाऱ्या 2002 मधल्या एका प्रयोगात, जादा सराव न करता नुसत्या रात्रीच्या झोपेनंतर वेग साधारण 20 टक्क्यांनी वाढलेला आढळला. दिवसा गिरवलेलं मेंदू रात्री पक्कं करतो. म्हणून पहिल्याच संध्याकाळी निकाल लावू नये.

उशीर झालाय का?

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. त्यांचे प्रेक्षक नेहमीच काल्पनिक नसतात. नाचणाऱ्या बाईकडे बघण्याची आपल्या समाजाची नजर काय होती, हे पंढरपुरात जन्मलेल्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या आयुष्यानं महाराष्ट्राला दाखवलं आहे. मुलींची भीती नुसत्या 'घाबरू नकोस'नं जाणार नाही; सरावाची जागा उजेडाची हवी, सोबत मैत्रिणी हव्यात आणि घरच्यांचा पाठिंबा हवा. आज मुलींची लेझीम पथकं मिरवणुकीत दिसतात, ती अशा आधारावरच उभी राहतात.

'आता वय गेलं' हेही मनातून काढायला हवं. रोहिणी भाटे यांनी कथकची तालीम सुरू केली ती पदवीच्या सुमारास, विशी ओलांडल्यावर. 1947 मध्ये त्यांनी पुण्यात 'नृत्यभारती' काढली आणि महाराष्ट्रात कथकच्या पिढ्या घडवल्या. लहानपणी रशियातल्या उफा शहरात लोकनृत्यं नाचलेला बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव लेनिनग्राडच्या नामांकित बॅले शाळेत पोचला तेव्हा 17 वर्षांचा होता. मिस्टी कोपलंड 13 व्या वर्षी बॅले शिकू लागल्या आणि 2015 मध्ये अमेरिकन बॅले थिएटरच्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रमुख नर्तकी झाल्या. शिखर गाठायला लवकर सुरुवात केल्याचा फायदा होतो, हे खरंच. पण बहुतेकांना शिखर गाठायचं नसतं. त्यांना आपल्या शरीरात सुखानं राहायचं असतं, आणि त्यासाठी पंधरावं वर्ष मुळीच उशिराचं नाही.

तेव्हा आईवडील, मामा-काका, ताई-दादांना एक विनंती: पोरगं पहिल्यांदा रांगेत उभं राहिलं की हसू नका आणि आठवडाभर तरी मोबाईल काढू नका. मनातले प्रेक्षक त्याला पुरेसे आहेत. पथकातल्या जुन्या खेळाडूंनो, नव्याला मधल्या रांगेत घ्या, दोन जाणत्यांच्या मधोमध. तिथं त्याला समोरचाही दिसतो आणि दोन्ही बाजूंचा आवाजही मिळतो. आणि कट्ट्यावर बसलेल्या मित्रा, मैत्रिणी, धीर आधी येईल आणि मग तू उठशील, असं होत नसतं. चार आवाज शीक. पायांकडे बघू नकोस, साखळी ऐक. एक आठवडा दे, मग 'अंगात नाही' म्हणायचं का ते ठरव.