सांगत्ये ऐका : मोठ्यानं वाचायचं पुस्तक



नटीचं आत्मचरित्र म्हटलं की दागिने, मोटारी, वाहवा डोळ्यांपुढे येते. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ तसं नाही. १९७० साली पुस्तक म्हणून आलेलं हे आत्मचरित्र त्यांनी तोंडी सांगितलं आणि अरुण साधूंनी ते कागदावर उतरवलं. म्हणून गटात एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. ओट्यावर बसून कुणी बोलतंय असंच वाटतं.

मूळ नाव रतन साळगावकर. घर चालावं म्हणून शाळेच्या वयातच चेहऱ्याला रंग लागला. पुढे ‘संत सखू’, ‘रामजोशी’ गाजले. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ तर पुण्यात शंभरावर आठवडे चालला. तेच नाव पुस्तकाला. लग्नानंतर काम सोडून संसार करायचा होता त्यांना. पण मिळकत थांबायला नको होती, म्हणून ते राहिलंच.

दारूचं व्यसन, परपुरुषाबरोबर घर सोडणं, काहीच त्या झाकत नाहीत. आमच्या गटात इथे दोघींनी नाकं मुरडली. मग कुणीतरी विचारलं, “एवढं कमावलं, ते असायचं कुणाच्या हातात?” बराच वेळ सगळ्या गप्प. शेवटी एकजण म्हणाली, “माझं पासबुकही ह्यांच्याच पेटीत असतं.” त्या दिवशी वाचन तिथेच थांबलं.

याच पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ काढला, स्मिता पाटील होती त्यात. तोही बघा, पण आधी पुस्तक ऐका.