एल्फिन्स्टन : स्थलनाम आणि व्यक्तिनाम

पुण्याच्या दक्षिण भागातील बिबवेवाडी हे नाव कानी पडताच ते स्थलनाम आहे हे मराठी भाषकास कळते. पूर्वपद बिबव्याच्या झाडावरून आलेले असो वा बिबवे या आडनावावरून, ‘वाडी’ हे उत्तरपद वस्तीची खूण स्वतंत्रपणे राखते. तेथील रहिवासी ‘बिबवेवाडीकर’ म्हटला जातो. म्हणजे माणसाची खूणही निराळी. इंग्रजी नावांना असे बंधन नाही. एकच शब्द, कोणताही प्रत्यय न घेता, गावाकडून घराण्याकडे आणि घराण्याकडून पुन्हा स्थळाकडे जाऊ शकतो.

एल्फिन्स्टन हे याचे बोलके उदाहरण होय. हे मूळचे स्कॉटलंडच्या पूर्व लोदियन परगण्यातील एका गावाचे नाव. लेखनावरून त्याच्या अंती ‘दगड’ या अर्थाचा शब्द असल्याचा भास होतो. परंतु षष्ठीचा ‘स’ आणि वस्तीवाचक ‘टन’ यांचा तो संयोग मानला जातो, आणि पूर्वांश बहुधा कोणा पुरुषाचे नाव असावे. म्हणजे घडण आपल्या वाडीसारखीच. जुन्या मराठी कागदांतील ‘अल्पिष्टन’ हे रूप कानाने टिपलेले. त्यात हा ‘टन’ शाबूत राहिला, ही गंमतच म्हणावयाची.

गावाचे नाव घराण्याने जसेच्या तसे धारण केले, आणि पुढचा घोटाळा येथेच उद्भवतो. १८११पासून पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट असलेला आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर झालेला तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज त्याच्या नावाचे. एल्फिन्स्टन रोड स्टेशन आणि एल्फिन्स्टन सर्कल यांचा मात्र त्याच्याशी संबंध नाही. ती नावे त्याचा पुतण्या जॉन, लॉर्ड एल्फिन्स्टन, याची. हा पुतण्या १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर होता. केवळ आडनाव पाहून कॉलेज आणि स्टेशन एकाच पुरुषाच्या खात्यावर मांडणारा अभ्यासक पाव शतकाचे अंतर पुसून टाकतो. स्थलनामांची सूची करताना म्हणूनच आडनावापुढे पूर्ण नाव व अधिकारकाल नोंदविणे अगत्याचे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात सर्कलला पत्रकार बी. जी. हॉर्निमन यांचे नाव मिळाले, म्हणजे एका इंग्रजी आडनावाच्या जागी दुसरे आले. स्टेशन २०१८मध्ये प्रभादेवी झाले. माउंटस्टुअर्टनंतरचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावाने महाबळेश्वरी वसलेल्या गावास मात्र नुसते ‘माल्कम’ म्हणून चालले नाही. मराठीने त्यास ‘पेठ’ जोडून मालकमपेठ केले.