इंग्लंडमधल्या मुलाचा व्हिसा कधी संपतो, तुम्हाला माहीत आहे का?

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा आज इंग्लंडमध्ये नोकरी करतो. मागच्या वर्षी त्याच्या अब्बांना हार्टचा झटका आला. बुलढाण्याहून त्यांना रातोरात औरंगाबादला हलवले. मुलाला फोन गेला, त्याने तिकीट पाहायला घेतले, आणि मग थांबला. कारण आठ दिवसांपूर्वीच, जुना व्हिसा संपायला चार दिवस उरलेले असताना, त्याने व्हिसा वाढवण्याचा अर्ज भरला होता. निकाल यायचा होता. निकाल येण्याआधी ब्रिटनबाहेर पाऊल टाकले असते, तर अर्ज मागे घेतला असे धरले गेले असते. व्हिसा गेला असता, त्याबरोबर नोकरीही.

तो सहा आठवड्यांनी आला. तोवर अल्लाहच्या कृपेने अब्बा घरी आले होते. पण मधल्या काळात नातेवाइकांनी काय नाही बोलून घेतले! "पैसा झाला, बाप विसरला." मुलगा बाप विसरला नव्हता. अर्ज भरायला उशीर केला, एवढीच त्याची चूक. हाच अर्ज दोन-अडीच महिने आधी गेला असता, तर बहुतेक निकाल हातात पडून तो दुसऱ्या दिवशी विमानात बसला असता.

नाव न लिहिता हे सांगायला त्याने आम्हाला परवानगी दिली, म्हणून सांगतो आहोत. आपल्या जिल्ह्यातून, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूरकडून मुले आता फक्त सौदी-दुबईला जात नाहीत, ब्रिटनलाही जाऊ लागली आहेत. तिकडचा कायदा वेगळा आहे आणि घरच्यांनाही तो थोडा कळला पाहिजे.

आखातात कफील, ब्रिटनमध्ये आपण स्वतः

आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांना आखाताची सवय आहे. तिथे इकामा वाढवणे हे मालकाचे, कफीलाचे काम. कामगार फार तर मोबाइलवर अबशरमध्ये तारीख पाहतो आणि कफीलाच्या मागे लागतो. त्यामुळे "व्हिसाचे कंपनी बघेल" हे वाक्य आपल्या घराघरांत बसले आहे.

ब्रिटनमध्ये हे वाक्य धोक्याचे आहे. तिथला स्किल्ड वर्कर व्हिसा १ डिसेंबर २०२० पासून सुरू झाला. त्यात दोघांची कामे वेगळी आहेत. कंपनी, म्हणजे स्पॉन्सर, 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' देते. हे कागदी सर्टिफिकेट नसते, संगणकावरची नोंद असते आणि तिचा एक नंबर मिळतो. हा नंबर मिळाला म्हणजे व्हिसा वाढला असे नाही. तो नंबर घालून ऑनलाइन अर्ज करायचा, फी भरायची, ओळख पटवायची, हे सगळे कामगाराने स्वतः करायचे. काही कंपन्या वकील लावून मदत करतात, पण तारीख चुकली तर बेकायदा राहिल्याचा ठपका कामगारावर बसतो.

लवकर म्हणजे नेमके किती लवकर?

फार आधीही अर्ज करता येत नाही. दोन नियम लक्षात ठेवावेत. पहिला, सर्टिफिकेटवर नव्या मुदतीच्या कामाची जी सुरुवातीची तारीख असते, तिच्या ३ महिन्यांपेक्षा आधी अर्ज चालत नाही. दुसरा, सर्टिफिकेट मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत ते वापरावे लागते. म्हणजे साधारण शेवटचे तीन महिने ही अर्जाची खिडकी. अर्ज तिच्या सुरुवातीला करायचा.

पुष्कळ मुले मुद्दाम शेवटपर्यंत थांबतात. त्यांना वाटते, लवकर अर्ज केला तर जुन्या व्हिसाचे उरलेले दिवस वाया जातील. तसे होत नाही. नवा व्हिसा सर्टिफिकेटवरच्या शेवटच्या तारखेनंतर आणखी १४ दिवसांपर्यंत मिळतो. शेवट त्या तारखेवर ठरतो, अर्ज कधी केला त्यावर नाही. एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षांचे सर्टिफिकेट देता येते. म्हणून सर्टिफिकेट देण्याआधीच कंपनीला ही शेवटची तारीख विचारून घ्यावी.

लवकर अर्ज करण्याचे चार फायदे

एक, घरी येण्याची मोकळीक. देशात राहून केलेल्या अर्जाचा निकाल साधारण ८ आठवड्यांत येतो. तोपर्यंत ब्रिटन, आयर्लंड आणि त्यांच्या लगतची काही बेटे सोडून कुठे जाता येत नाही. घरात निकाह ठरतो आहे, उमराहचा इरादा आहे, आई-वडील आजारी आहेत, तर हे ८ आठवडे आधीच मोकळे करून ठेवले पाहिजेत. जादा पैसे भरून निकाल लवकर मिळण्याची सोय आहे. २०२५ च्या दरांप्रमाणे ५ कामकाजाच्या दिवसांसाठी ५०० पौंड आणि दुसऱ्या कामकाजाच्या दिवसासाठी १००० पौंड, तेही माणशी. चार माणसांच्या कुटुंबाने हिशेब करून पाहावा.

दोन, चूक सुधारायला वेळ. सर्टिफिकेटवर पगार चुकला, नावाचे स्पेलिंग चुकले, फी भरताना बँकेने कार्ड अडवले, असे होतच असते. तीन महिने हातात असतील तर ही किरकोळ गोष्ट असते. तीन दिवस उरले असतील तर हीच मुसीबत होते.

तीन, कंपनीला वेळ. कंपनीला दरवर्षी ठरावीक सर्टिफिकेटे मिळतात. ती संपली असली तर तिला सरकारकडे जादा मागणी करावी लागते आणि त्यात कित्येक आठवडे जाऊ शकतात. एचआरला शेवटच्या महिन्यात विचारले आणि "सध्या शिल्लक नाही" असे उत्तर आले, तर काय करणार?

चार, नियम बदलतात. ४ एप्रिल २०२४ ला या व्हिसासाठीची सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला ३८,७०० पौंड झाली आणि २२ जुलै २०२५ ला ४१,७०० पौंड. जुन्या कामगारांसाठी आणि आरोग्यसेवेतल्या कित्येक कामांसाठी आकडे वेगळे आहेत, म्हणून घाबरायचे कारण नाही, आपला आकडा कोणता ते तपासायचे. त्याच दिवशी, २२ जुलै २०२५ ला, परदेशातून नवे केअर वर्कर घेणे बंद झाले. आधीपासून तिथे असलेल्यांना व्हिसा वाढवण्यासाठी २२ जुलै २०२८ पर्यंत मुदत ठेवली आहे. नियम बदलला तरी आधी भरलेले अर्ज बहुतेक वेळा जुन्या नियमाने तपासले जातात. तेव्हा अर्ज आत गेलेला बरा.

तारीख संपली आणि निकाल आला नाही, तर?

जुना व्हिसा चालू असताना अर्ज गेला असेल, तर भिऊ नये. ब्रिटनच्या १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातले कलम ३सी अशा माणसाला सांभाळते. निकाल येईपर्यंत तो जुन्याच अटींवर राहू शकतो, तीच नोकरी करू शकतो. कंपनीला शंका आली तर ती होम ऑफिसकडे तपासून घेऊ शकते.

पण अर्ज एक दिवस जरी उशिरा गेला, तर हे छत्र उरत नाही. कंपनीला त्याला कामावर ठेवता येत नाही. घरमालकही भाड्याने देताना व्हिसा बघतो. १४ दिवसांच्या आत, आपल्या हाताबाहेरचे सबळ कारण असेल तर अर्ज विचारात घेतला जाऊ शकतो. पण "विसरलो" हे सबळ कारण नाही.

समजा, व्हिसा ३० सप्टेंबरला संपतो

शाळेत आम्ही परीक्षेचे वेळापत्रक करतो, तसेच हे करावे. मार्चमध्ये पासपोर्ट पाहायचा. एप्रिलमध्ये एचआरला लेखी ईमेल: माझा व्हिसा अमुक तारखेला संपतो, सर्टिफिकेट कधी मिळेल? मेमध्ये पगार आणि पदाचा कोड आजच्या नियमात बसतो का, ते बघायचे. जूनअखेर सर्टिफिकेटचा नंबर हातात यावा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अर्ज. ८ आठवडे धरले तर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला निकाल. तिकीट निकालानंतर.

व्हिसाची तारीख शोधायला आता कार्ड पाहू नये. जुनी बायोमेट्रिक कार्डे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतचीच होती. आता ई-व्हिसा आहे, तारीख आपल्या ऑनलाइन खात्यात दिसते.

शिकायला गेलेल्यांसाठी एक सूचना. शिक्षणानंतर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा वाढवता येत नाही. तो संपायच्या आत स्किल्ड वर्करकडे वळावे लागते आणि स्पॉन्सर मिळायला वेळ लागतो. त्यांनी तर सहा महिने नाही, वर्षभर आधी जागे व्हावे.

पासपोर्ट आणि आपली नावे

इथे थोडा दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. शाळेच्या रजिस्टरला 'शेख' कधी नावाआधी लागतो, कधी नंतर. 'मोहम्मद'चे कुठे 'मोहंमद' होते, कुठे नुसते 'मो.' राहते. दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. गावात हे चालून जाते. पण तिकडे सर्टिफिकेटवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. नाव दुरुस्त करायचे असेल, तर ते व्हिसाच्या घाईत नाही, त्याच्या कितीतरी आधी.

पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर तो आधी नवा करून घ्यावा. लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाचे हे अर्ज व्हीएफएसच्या केंद्रांवर घेतले जातात. इथल्या पत्त्यावर पोलीस पडताळणी आली, तर घरच्यांनी टाळाटाळ करू नये. नवा पासपोर्ट मिळाला की त्याचा नंबर ई-व्हिसाच्या खात्यात बदलून घ्यावा. इथे पासपोर्ट काढणाऱ्यांसाठी, आपला जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो.

बायको-मुलांचे अर्ज वेगळे

मुलाचा व्हिसा वाढला म्हणजे बहू आणि नातवंडांचाही वाढला, असे नाही. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, फी वेगळी, आणि तो प्रत्येकाच्या स्वतःच्या तारखेच्या आत. बायको उशिरा गेली असेल तर तिची तारीख वेगळी असू शकते. निकाहनामा उर्दूत असेल किंवा जन्मदाखला मराठीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवावे. हे काम गावाकडून सहज होते आणि तिकडच्या पोरांचा मोठा ताण वाचतो.

पैशांचीही तयारी लागते. अर्जाच्या फीशिवाय आरोग्य सरचार्ज असतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि १८ वर्षांखालच्या मुलांना ७७६ पौंड आहे. नवरा-बायको आणि दोन मुले, तीन वर्षांसाठी: १०,८६६ पौंड. रुपयांत दहा लाखांच्या वर, आणि तेही अर्जाच्या वेळी एकदम. हेल्थ अँड केअर व्हिसावर असलेल्या नर्स, डॉक्टरांना हा सरचार्ज माफ आहे. दर बदलतात, म्हणून भरण्याआधी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर पाहून घ्यावे.

शेवटच्या घटकेला दलाल भेटतो

उशीर झालेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाला दलाल लगेच ओळखतो. "पाच लाख द्या, सर्टिफिकेट मिळवून देतो." हे साफ चुकीचे आहे. सर्टिफिकेट विकत घ्यायची वस्तू नाही. त्याची फी आणि कंपनीवर लागणारा स्किल्स चार्ज कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. सल्ला हवा असेल तर तिथल्या वकिलाकडे किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडेच जावे. बिननोंदणीचा सल्लागार तिथे गुन्हेगार ठरतो.

आज फोनवर विचारा

आई-वडिलांना फॉर्म भरता येत नाही, हे खरे. पण विचारता तर येते. आज रात्री फोन आला की जेवलास का, थंडी किती आहे, हे विचाराच. त्याच्यापुढे एवढे चार प्रश्न विचारा. बेटा, तुझ्या व्हिसाची तारीख कोणती? बहूची आणि मुलांची कोणती? पासपोर्ट कधीपर्यंत आहे? कंपनीला लेखी विचारलेस का?

उत्तरे कॅलेंडरवर लिहा, आणि व्हिसाच्या तारखेच्या सहा महिने आधी एक खूण करा. त्या दिवशी पुन्हा विचारा. मुलगा कंटाळेल, म्हणेल, अम्मी, मला कळते. कळू द्या. अब्बांच्या पलंगाशेजारी ज्या दिवशी त्याची गरज असेल, त्या दिवशी त्याला येता आले पाहिजे.