हृदय थांबते तेव्हा भूल कशी टिकते?

शाळेतील आरोग्य तपासणीत एखाद्या मुलाची छाती तपासताना डॉक्टर क्षणभर थबकतात, पुन्हा ऐकतात आणि पालकांना बोलावून घेण्यास सांगतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत हृदयाला जन्मजात छिद्र असलेली मुले अशी शाळेतच आढळतात. शस्त्रक्रियेचे नाव निघाले की सातारा-सांगलीकडील घरांत पहिला प्रश्न खर्चाचा येतो. दुसरा हळू आवाजात विचारला जातो : ऑपरेशन चालू असताना लेकराला मध्येच जाग आली तर? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे देत आहोत.

आपल्या भागाला शस्त्रक्रिया नवी नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून दुखणे हाताबाहेर गेले की मिरज गाठायची ही रीतच पडली. परंतु धडधडते हृदय उघडणे जगात कोठेही दीर्घकाळ अवघडच राहिले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र बुजवले. त्या वेळी २६ मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे काम एका यंत्राने केले. पुढे फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भारतातील पहिले मानवी हृदयारोपण केले.

या यंत्रावर रुग्णाला घेणे म्हणजे वैद्यकीय भाषेत 'बायपास'. पुणे-बंगळूर महामार्ग जसा सातारा शहराला वळसा घालून जातो, तसे रक्त हृदय व फुप्फुसांना वळसा घालून यंत्रातून फिरते. तेथे त्यात प्राणवायू मिसळतो आणि ते पुन्हा शरीरात जाते. अडचण येथेच उद्भवते. आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारखी भुलेची औषधे वाफेच्या रूपात श्वासावाटे फुप्फुसांत व तेथून रक्तात जातात. गावातून जाणारा रस्ताच बंद झाला, तर गावात उतरणारा माल पुढे कसा पोहोचणार?

म्हणून भुलेची वाफ यंत्रालाच दिली जाते. रक्ताला प्राणवायू देणाऱ्या भागाकडे जाणाऱ्या वायूच्या नळीवर वाफ सोडणारे उपकरण बसवतात. मात्र तेथील पडदा कोणत्या पदार्थाचा आहे, हे पाहावे लागते. सूक्ष्म छिद्रांच्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांतून ही वाफ सहज रक्तात जाते. पॉलिमिथाइलपेंटीनच्या घट्ट पडद्यातून ती फारच थोडी जाते. असा पडदा असल्यास प्रोपोफोलसारखे औषध शिरेतून देऊन भूल टिकवावी लागते.

आता भूल किती द्यायची, हा प्रश्न. निम्मे रुग्ण चीर दिल्यावर हालचाल करणार नाहीत, इतके वाफेचे प्रमाण हे भूलशास्त्राचे माप आहे. मध्यमवयीन माणसात आयसोफ्लुरेनसाठी ते सुमारे १.२ टक्के, तर सेव्होफ्लुरेनसाठी सुमारे २ टक्के असते. लहान मुलांना अधिक लागते, वृद्धांना कमी. प्रत्यक्षात इतर औषधांची जोड देऊन हा हिशेब जुळवला जातो.

यंत्रावर असताना गरजेनुसार शरीर थंड करतात. थंडीत मेंदूचे काम मंदावते आणि तापमान एका अंशाने उतरले की भुलेची गरज सुमारे ४ ते ५ टक्क्यांनी घटते. ३७ अंशांवरून २८ अंशांवर आलेल्या रुग्णाला म्हणूनच जवळपास निम्मी भूल पुरते. त्याच वेळी आणखी दोन गोष्टी घडतात. यंत्रात आधी भरलेल्या द्रवामुळे रक्त पातळ होते, त्यामुळे शिरेतून दिलेल्या औषधांचे प्रमाण एकदम खाली येते. पातळ रक्तात वाफ कमी विरघळते, तर थंड रक्तात अधिक विरघळते. एका बाजूने घट, दुसऱ्या बाजूने वाढ. या ओढाताणीत एकच ठरावीक आकडा सर्वांना लागू पडत नाही.

खरी जोखमीची वेळ शरीर पुन्हा ऊबदार करतानाची. मेंदू जागा होऊ लागतो, भुलेची गरज वाढते. पण स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांमुळे रुग्ण हलू शकत नाही, बोलूही शकत नाही. थंडीतले कमी प्रमाण तसेच चालू राहिले, तर जाग येण्याचा धोका असतो. म्हणून भूलतज्ज्ञ उबेबरोबर भूलही वाढवतात, मेंदूच्या विद्युत लहरी दाखवणाऱ्या उपकरणावर लक्ष ठेवतात आणि यंत्रातून बाहेर पडणाऱ्या वायूत वाफ किती आहे, हे मोजतात. रुग्ण पुन्हा स्वतःच्या फुप्फुसांवर येताना यंत्रावरील भूल थांबते व श्वासाच्या नळीतून ती सुरू होते. या बदलात खंड पडू नये, यासाठी यंत्र चालवणारे परफ्युजनिस्ट आणि भूलतज्ज्ञ एकमेकांना सांगूनच पुढचे पाऊल टाकतात.

पालकांनीही आपला वाटा उचलावा. मुलाला पूर्वी भूल दिली होती का, तेव्हा काही त्रास झाला का, कोणती औषधे चालू आहेत, घरात कोणाला भुलेचा त्रास झाला होता का, हे आधीच न संकोचता सांगावे. शुद्धीवर आल्यावर मूल ऑपरेशनमधले काही आठवते असे म्हणाले, तर त्याला गप्प न करता ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनीही या क्षेत्राकडे पाहावे. डॉक्टर होण्याइतकेच परफ्युजनिस्ट किंवा भूल विभागातील तंत्रज्ञ होणे मोलाचे आहे. लेकराचे हृदय थांबलेले असते आणि आईवडील दाराबाहेर बसलेले असतात, तेव्हा त्याची झोप राखण्यासाठी आत कोणीतरी अखंड जागे असते. त्या जागणाऱ्यांत आपल्या मुलामुलींची संख्या वाढावी, एवढीच आमची इच्छा.