जीवनकथा-पुस्तक म्हणजे काय?

बालगृहात किंवा प्रतिपालक कुटुंबात (दत्तक न घेता ठरावीक काळ सांभाळणाऱ्या घरात) वाढणाऱ्या मुलाला त्याचा भूतकाळ उलगडून दाखवण्याच्या पद्धतीला ‘जीवनकथा-कार्य’ म्हणतात. मूल आणि त्याच्या विश्वासातली मोठी व्यक्ती मिळून चित्रे, नकाशे, फोटो यांची एक वही, म्हणजेच जीवनकथा-पुस्तक, तयार करतात. आजवर राहिलेल्या घरांचा नकाशा रंगवताना ‘मी इथून का गेलो?’ हा प्रश्न मूल सहज विचारते. समोर बसवून बोलते करू पाहिले, तर ते बहुधा गप्प राहते.

ही वही म्हणजे फोटोंचा अल्बम, असा समज सर्रास आढळतो. वरून ती तशी दिसतेही. पण अल्बमात हसरे प्रसंग निवडून लावलेले असतात. जीवनकथा-पुस्तक गोधडीसारखे असते: आईचे विटके लुगडे, कुणाचा फाटका सदरा, सगळे एकत्र टाचलेले. विरलेला तुकडा वगळला की तिथे भोक पडते. घर का सुटले हे न कळल्यास लहान मूल अनेकदा दोष स्वतःकडे घेते. म्हणून ‘आईला व्यसन होते, तिला तुझा सांभाळ जमत नव्हता, चूक तुझी नव्हती’ असे वयाला झेपेल इतके खरे लिहितात. फोटो नसेल तर जागा कोरी ठेवतात. फार देखणी वही बहुधा मोठ्यांनीच केलेली असते.

इंग्लंडमध्ये दत्तक जाणाऱ्या मुलाला असे पुस्तक द्यावे, असे शासकीय मार्गदर्शिका सांगते. भूतकाळ जाणून घेण्यासाठी भारतातही एक तरतूद आहे: २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या मुळांच्या शोधासाठी स्वतः अर्ज करता येतो.