अमिनो आम्लांच्या क्रमावरून वाहक प्रथिनांचा माग

पाणी टँकरचं असो वा घरच्या नळाचं, तपासणीत विष्ठेच्या दूषितपणाची खूण म्हणून ई. कोलाय हा जिवाणू शोधतात. अन्नासारखे पदार्थ वाहून नेणाऱ्या वाहक प्रथिनांचं एक कूळ उलगडण्यातही त्याचा वाटा आहे. 1982 साली त्याचं माल्टोज-वाहतुकीतलं ‘मालके’ आणि साल्मोनेला या दुसऱ्या जिवाणूचं हिस्टिडीन-वाहतुकीतलं ‘हिसपी’ यांची अमिनो आम्लं ओळीनं शेजारी मांडली गेली. माल वेगळा, पण एटीपी या ऊर्जा-रेणूची ऊर्जा वापरणारा भाग थेट एकाच घराण्यातला! मला हा शोध आजही थरारक वाटतो.

त्याच वर्षी जॉन वॉकर आणि सहकाऱ्यांनी एटीपी धरणारी अमिनो आम्लांची खूण दाखवली: ग्लायसीन, कोणतीही दोन, ग्लायसीन, कोणतंही एक, ग्लायसीन, लायसीन, मग सेरीन किंवा थ्रिओनीन. ती इतर प्रथिनांतही आढळते. म्हणून ल्युसीन-सेरीन-ग्लायसीन-ग्लायसीन-ग्लुटामीन ही या कुळातल्या वाहकांची खास खूणही तपासतात.

1997 मध्ये ई. कोलायचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा या कुळातली 80 प्रथिनं निघाली. त्या जनुकसंचातलं ते सर्वांत मोठं कूळ. साम्यावरून कूळ कळतं, वाहिला जाणारा पदार्थ मात्र नेमका कळेलच असं नाही. त्यासाठी शेजारची जनुकं पाहतात आणि शेवटी ते जनुक निकामी करून, जिवाणू कोणत्या अन्नावर वाढू शकत नाही ते तपासतात.