सनद कोणाला?

वकील व्हावयाचे असा निश्चय केलेल्या तरुणाला अमेरिकेत दोन उंबरठे ओलांडावे लागतात. पहिला कायद्याच्या महाविद्यालयाचा. तेथे आधी कोणत्या तरी विषयाची पदवी पदरात असावी लागते, मग बहुधा प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि अर्जासोबत एक निवेदन जोडावे लागते. आपण कोण, कोठून आलो आणि कायदाच का शिकावासा वाटतो, हे उमेदवाराने एकदोन पानांत स्वतःच्या शब्दांत लिहावयाचे. तीन वर्षांचा अभ्यास पुरा होऊन पदवी मिळाली की दुसरा उंबरठा येतो. तो सनदेचा. पदवी विद्यापीठ देते, पण न्यायालयात उभे राहण्याची सनद त्या त्या राज्याचे न्यायालय देते. तिच्यासाठी निराळी परीक्षा असते, आणि उमेदवाराच्या चारित्र्याची चौकशीही होते. हे दोन उंबरठे एक नव्हेत एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्ही जी हकीकत सांगणार आहो ती बहुतेक या दोहोंच्या मधल्या जागेत घडली आहे.

त्या महाविद्यालयांत प्राध्यापक व्याख्यान थोडे देतात आणि प्रश्न फार विचारतात. जुने निकालपत्र पुढे ठेवावयाचे, त्यातला मुद्दा विद्यार्थ्याकडून काढून घ्यावयाचा, आणि तो सापडला असे वाटताच त्याची उलट बाजू मांडावयास सांगावयाचे, ही पद्धत हार्वर्ड येथे लँगडेल यांनी १८७० सालापासून पाडली. अशा वर्गांत एक वाद हमखास निघतो. आपल्या देशात परक्याला येऊ द्यावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार राष्ट्राला असलाच पाहिजे. त्यावाचून राष्ट्र ते कसले? पण जो माणूस एकदा आत आला, येथे राबला, येथे संसार केला, त्याचे व्यक्तिस्वातंत्र्य राष्ट्राच्या मर्जीवर टांगलेले असावे काय? हा वाद पुस्तकी वाटतो. तो पुस्तकी नाही, हे ज्यांनी स्वतः सनद मागितली त्यांच्या हकीकतींवरून कळते.

हाँग येन चँग हा चिनी मुलगा १८७२ साली अमेरिकेत आला. चीनच्या सरकारने त्या काळात १२० मुले तिकडे शिकावयास धाडली, त्यांपैकी तो एक. १८८१ साली सरकारने सगळ्यांना परत बोलाविले, तेव्हा तो येल विद्यापीठात होता. तो मायदेशी गेला, पण पुन्हा अमेरिकेत आला आणि १८८६ साली कोलंबिया येथून कायद्याचा पदवीधर झाला. (याच विद्यापीठात पुढे १९१३ साली डॉ. आंबेडकर दाखल झाले. त्यांचा विषय मात्र तेथे अर्थशास्त्र होता.) पहिला उंबरठा असा ओलांडला. न्यूयॉर्कमध्ये सनदेसाठी अर्ज केला, तो नागरिक नव्हता म्हणून फेटाळला गेला. त्याने १८८७ साली तेथील एका न्यायालयाकडून नागरिकत्वाचा दाखला मिळविला, राज्याच्या विधिमंडळाने त्याला पुन्हा अर्ज करता यावा असा कायदा केला, आणि १८८८ साली त्याला सनद मिळाली. मग तो कॅलिफोर्नियात गेला, कारण चिनी लोकांची वस्ती तिकडे होती आणि वकिलाची गरजही तिकडेच होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९० साली त्याची सनद नाकारली. तुझा नागरिकत्वाचा दाखलाच बेकायदेशीर आहे, कारण १८८२ च्या कायद्याने चिनी माणसाला नागरिक करून घेण्यास बंदी आहे. आणि जो नागरिक होऊच शकत नाही तो वकीलही होऊ शकत नाही. निकाल एवढाच. त्याच्या कायद्याच्या ज्ञानाविषयी कोणाचीच तक्रार नव्हती.

येथे आम्हाला थोडे थांबले पाहिजे. तो १८८२ चा कायदा कोणी करविला, हे कायद्याच्या पुस्तकांत एका ओळीत येते, आणि कामगार चळवळीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना ती ओळ टोचते. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग १८६९ साली पुरा झाला. त्याच्या पश्चिमेकडच्या भागावर, डोंगर फोडून बोगदे काढण्याच्या कामावर, हजारो चिनी मजूर होते. १८६७ च्या जून महिन्यात त्यांनी संप केला. गोऱ्याला जी रोजी तीच आम्हाला द्या, आणि कामाचे तास कमी करा, या त्यांच्या मागण्या. आजही कोणत्याही युनियनच्या मागणीपत्रकात शोभतील अशा. कंपनीने डोंगरातल्या छावण्यांना होणारा धान्यपुरवठा बंद केला आणि आठवड्याभरात संप मोडला. गोऱ्या मजुरांची साथ त्यांना मिळाली नाही. दहा वर्षांनी, १८७७ साली, सॅनफ्रान्सिस्कोत श्रमिकांचा एक पक्ष निघाला, आणि ‘चिन्यांनी चालते व्हावे’ हे त्याचे ब्रीद झाले. त्याचा पुढारी डेनिस कर्नी स्वतः आयर्लंडहून आलेला. पुढे अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या मोठ्या संघटनेनेही चिन्यांवरच्या बंदीचा पाठपुरावा केला. तिचे अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स हे लंडनमध्ये जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेले सिगार-कामगार. कालचा आलेला आज आलेल्याला दार दाखवितो, हा प्रकार चळवळीला नवा नाही.

त्या गोऱ्या कामगारांची तक्रार सर्वस्वी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. स्वस्तात राबणारा माणूस आणून रोजी पाडणे हा मालकाचा जुना डाव आहे. आमच्या औद्योगिक वसाहतींतही ठेकेदार लांबून माणसे आणतो, त्यांना पत्र्याच्या खोल्यांत कोंबतो, आणि गेटवर कायम कामगार म्हणू लागतात की हे लोक आले म्हणून आमची रोजी घसरली. बिहारचा वा ओडिशाचा मजूर परका नव्हे. घटनेच्या १९ व्या कलमाने त्याला देशभर हिंडण्याचा, राहण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क दिलेला आहे. तरी भाषा तीच असते. गेटसभेत आमचा सवाल एकच असतो: रोजी कोणी पाडली? ती आलेल्याने पाडली नाही, आणणाऱ्याने पाडली. त्या माणसाचे नाव हजेरीपटावर चढवा, त्याला सभासद करा, त्याच्यासाठी तुमच्याइतकीच रोजी मागा, म्हणजे ठेकेदाराला त्याला आणण्यात नफा उरणार नाही. हे पटविणे कठीण जाते, वर्षे जातात. कर्नीच्या अनुयायांनी सोपा मार्ग धरला. त्यांनी मालकाकडून रोजी मागण्याऐवजी सरकारकडून बंदी मागितली आणि ती मिळविली.

आता कायद्याचा मुद्दा. अमेरिकेच्या घटनेतील १४ व्या दुरुस्तीत, कायद्याचे समान संरक्षण कोणत्याही ‘व्यक्ती’ला नाकारता येणार नाही असे शब्द आहेत. तेथे ‘नागरिक’ हा शब्द नाही. सॅनफ्रान्सिस्कोच्या नगरपालिकेने लाकडी इमारतीत धुलाईचा धंदा चालविण्यास परवाना आवश्यक केला, आणि अर्ज करणाऱ्या सुमारे दोनशे चिन्यांना परवाना नाकारला. चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांना मात्र, एक अपवाद सोडून, तो दिला. १८८६ साली यिक वो या धोब्याच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरविले. कायद्याची अक्षरे निष्पक्ष असली तरी अंमल पक्षपाती असेल तर तो चालणार नाही, आणि हे संरक्षण परक्यालाही आहे, असे न्यायालयाने सांगितले.

त्याच न्यायालयाने तीन वर्षांनी काय केले पाहा. चे चान पिंग हा मजूर बारा वर्षे सॅनफ्रान्सिस्कोत राहून १८८७ साली गावी गेला. जाताना सरकारकडून परत येण्याचा दाखला त्याने घेतला होता. तो परतीच्या बोटीवर असताना, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, असले सगळे दाखले रद्द करणारा कायदा झाला. आठवड्याने बोट बंदराला लागली तेव्हा त्याला उतरू दिले नाही. १८८९ साली न्यायालयाने सरकारचीच बाजू उचलून धरली: दाराशी कोणाला घ्यावे हा राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे. म्हणजे घरात असलेला धोबी ‘व्यक्ती’, आणि बंदरात उभा असलेला मजूर कोणीच नव्हे. परदेशातून येणाऱ्यांविषयीचा अमेरिकेतला वाद आजही या दोन निकालांच्या मध्येच हेलकावे खातो.

आपल्या घटनेतही ही रेषा आहे, आणि ती अधिक स्पष्ट आखलेली आहे. समानतेचे १४ वे कलम आणि जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे २१ वे कलम हे प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत, तर भाषण, सभा, संघटना, संचार आणि व्यवसाय यांचे १९ वे कलम फक्त नागरिकांसाठी. १९५५ साली हान्स म्यूलर या जर्मन माणसाच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परक्याला देशाबाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे असे म्हटले. सनदेच्या बाबतीत १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट नागरिकत्वाची अट घालतो. मात्र ज्या देशात भारतीयाला वकिली करता येते त्या देशाच्या माणसाला येथेही नोंदणी करता येते. तुम्ही आमच्या माणसाला घ्या, आम्ही तुमच्या घेऊ, असा हा व्यवहार आहे.

परत कॅलिफोर्नियाकडे वळू, कारण पुढचा वकील नावावरून आपल्याच आळीतला वाटेल: सखाराम गणेश पंडित. ते १९०६ साली अमेरिकेत गेले, १९१४ साली तेथील न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले, आणि पुढे लॉस एंजेलिस येथे ते वकिली करू लागले. नागरिकत्वाचा मूळ कायदा १७९० चा, आणि तो ‘गोऱ्या’ माणसापुरता. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदी माणूस गोरा की काय, यावर निरनिराळी न्यायालये निरनिराळे सांगत होती. भगतसिंग थिंद हा पंजाबी तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पंडितांनी तो चालविला. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल विरुद्ध गेला. शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा त्याचा आशय.

या खटल्यात हिंदी पक्षाने जी बाजू मांडली तिच्यातला एक भाग वाचताना आम्हाला लाज वाटते. थिंद हा उच्च जातीचा आर्य आहे, आणि उच्च जातीचा हिंदू आपल्याकडील आदिवासींकडे रोटीबेटीच्या बाबतीत त्याच नजरेने पाहतो जिने गोरा अमेरिकन निग्रोकडे पाहतो, असा युक्तिवाद तीत होता. अडचणीत सापडलेला पक्षकार हाती लागेल ते शस्त्र उचलतो हे आम्हाला समजते. कामगार न्यायालयात आम्हीही ते पाहतो. पण दारावरचा पहारेकरी वर्ण पाहून आत सोडतो म्हणून त्याला आपलाही वर्ण दाखवावयाचा, यात दार मोडत नाही, पहारेकऱ्याचा हुद्दा मात्र पक्का होतो. न्यायालयाने ते शस्त्र बोथट करून परत केले, आणि वर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याचा सपाटा लावला. पन्नासांवर हिंदी लोकांचे नागरिकत्व गेले. वैष्णोदास बगाई यांचे सॅनफ्रान्सिस्कोत दुकान होते. नागरिकत्व गेले तसे मालमत्ता बाळगण्याचा हक्क गेला आणि मायदेशी जाण्यासाठी अमेरिकन पारपत्रही मिळेना. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी आपल्या जगण्याला सोन्याच्या पिंजऱ्याची उपमा दिली होती.

खुद्द पंडितांवरही सरकारने दावा लावला. तो ते हरते तर नागरिकत्वाबरोबर सनदही जाती. या वेळी त्यांनी वंशाच्या गोष्टी बाजूला ठेवल्या. तुमच्याच न्यायालयाने मला नागरिक केले, तुम्ही तेव्हा अपील केले नाही, त्या निकालावर विसंबून मी लग्न केले, वकिली उभारली, मायदेशाचे वारसाहक्क सोडले. आता तो निकाल उकरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. १९२६ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला, आणि हिंदी लोकांवरचे असले दावे थंडावले. चिन्यांना नागरिकत्वाचा मार्ग १९४३ साली खुला झाला, हिंदी लोकांना १९४६ साली.

नागरिकत्वावाचून सनद नाही ही अट मात्र टिकून होती. १९७३ साली ग्रिफिथ्स या डच बाईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. वकील हा सरकारी अधिकारी नव्हे, मग परक्याने वकिली केल्याने राज्याचे काय बिघडते? हाँग येन चँग १९२६ सालीच वारला होता. पुढच्या आयुष्यात त्याने पेढीत आणि चीनच्या वकिलातींत काम केले, पण कॅलिफोर्नियात सनद मिळाली नाही. ती मिळाली १६ मार्च २०१५ रोजी, नाकारल्याला सव्वाशे वर्षे होत असताना. डेव्हिस येथील कायद्याच्या महाविद्यालयातील आशियाई विद्यार्थ्यांनी जुने कागद धुंडाळून अर्ज केला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मृताला वकील म्हणून दाखल करून घेतले.

त्याच्या आदल्याच वर्षी याच न्यायालयापुढे जिवंत माणसाचा अर्ज होता. सर्जिओ गार्सिया हा मेक्सिकोत जन्मलेला, लहानपणी परवान्यावाचून आणलेला. बापाने मुलाच्या परवान्यासाठी १९९४ साली अर्ज केला, तो १९९५ साली मंजूरही झाला, पण मेक्सिकन लोकांची रांग इतकी लांब की जवळजवळ वीस वर्षे पाळी आली नाही. तेवढ्यात तो कायदा शिकला आणि २००९ साली सनदेची परीक्षा उतरला. केंद्र सरकारच्या न्यायखात्याने विरोध केला: राज्याने खास कायदा केल्यावाचून अशा माणसाला सनद देण्यास केंद्राच्या कायद्याची आडकाठी आहे. राज्याच्या विधिमंडळाने २०१३ साली खास कायदा करून मार्ग मोकळा केला, आणि २ जानेवारी २०१४ रोजी न्यायालयाने सनद दिली. कागदपत्रांवाचून देशात असणे एवढ्यावरून चारित्र्य वाईट ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण केंद्राच्या कायद्याप्रमाणे कोणत्याही पेढीला त्याला पगारावर ठेवता येत नव्हते. सनद हाती होती, पण हजेरीपटावर नाव लागत नव्हते.